खमंग-गोड परफ्युम पहिल्यांदा लावताय? मग आधी हे वाचा

शेंगदाणे भाजताना एक क्षण येतो, कच्चा हिरवट वास जातो आणि घरभर खमंग वास सुटतो. त्यानंतर अर्धा मिनिट जरी लक्ष हटलं तरी करपट वास यायला लागतो. पुरुषांच्या परफ्युममध्ये हेझलनट, बदाम, टोंका नावाची सुगंधी बी, कॉफी, प्रालीन म्हणजे पाकातले भाजके दाणे, असला जो गोड-खमंग प्रकार असतो ना, त्याचं अगदी असंच आहे, बरोबर जमलं तर त्याच्यासारखं सुख नाही आणि जरा जास्त झालं की समोरच्याचं डोकं धरतं. मी गेली सहा-सात वर्षं हा प्रकार लावतोय, मनापासून आवडतो, पण सुरुवातीला सांगणारं कुणी नव्हतं, त्यामुळे पैसेही गेले, एक चांगला कुर्ताही गेला आणि एकदा लोकलमध्ये शेजारच्या माणसाला माझ्यामुळे खरंच त्रास झाला. ते तुमचं होऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय.

एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही: या प्रकाराचा निकाल पहिल्या पाच मिनिटांत लावायचा नाही, तो चौथ्या-पाचव्या तासाला लावायचा, आणि लावायचा तो अंगापुरता.

हाताशी काय काय हवं

- जाड, बिनवासाच्या कागदाच्या पट्ट्या. दुकानात मिळतात, नाहीतर चित्रकलेचा कागद कापून घ्या, वहीचा पातळ कागद नको.
- २ ते ५ मिलीचे डिकँट, म्हणजे मोठ्या बाटलीतून छोट्या कुपीत काढून विकतात ते. एका स्प्रेला साधारण ०.१ मिली जातं, म्हणजे २ मिलीत वीसेक स्प्रे, पारखायला भरपूर.
- बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा साधं व्हॅसलीन.
- एक जुना गडद रंगाचा सुती टी-शर्ट आणि एक रुमाल.
- मोबाईलमधली नोट्सची जागा, वेळ टाकून लिहायला.
- विकत घेताना: बिल, खोक्याचे फोटो, आणि पार्सल उघडतानाचा व्हिडिओ. हे का ते सातव्या पायरीत येईल.

१. आधी स्वयंपाकघरात जा

दुकानात नंतर. आधी आपल्या नाकाला हे वास वेगवेगळे ओळखता येतात का ते बघा, कारण बाटलीवर हेझलनट, आमंड, प्रालीन, टोंका असं लिहिलेलं असतं आणि आपल्याला सगळंच नुसतं 'गोड' वाटतं.

मूठभर कच्चे शेंगदाणे हुंगा, मग लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजा आणि दर मिनिटाला हुंगा. भाजताना त्यातली साखर आणि प्रथिनं उष्णतेने एकमेकांशी जुळतात आणि पायराझिन नावाची रसायनं तयार होतात, कॉफी भाजताना, पाव भाजताना, कोको भाजतानाही हीच मंडळी तयार होतात. म्हणून कॉफी आणि हेझलनट परफ्युममध्ये इतके जवळचे वाटतात.

मग जर्दाळूची बी फोडा, वाळलेल्या जर्दाळूत असते ती, आतला छोटा बदाम चुरडून नाकाशी धरा. हा जो थोडासा कडवट, चेरीसारखा, औषधासारखा वास आहे तो परफ्युममधला 'बदाम'. आपण खातो त्या गोड बदामाला असा वास फारसा नसतोच. हा वास बेन्झाल्डिहाइड नावाच्या रसायनाचा, आणि परफ्युममध्ये ते बहुतेक वेळा प्रयोगशाळेत बनवलेलंच वापरतात. वांद्र्याला किंवा गोव्यात ईस्टरला मिळणारं मार्झिपान खाल्लं असेल तर आठवून बघा, आपल्याकडे ते काजूचं करतात खरं, पण त्यात बदामाचं इसेन्स घातलेलं असलं तर हाच वास येतो.

तिसरं, चिक्कीचा पाक. गूळ वितळून फेस यायला लागला की जो वास येतो तो, आणि त्यात भाजलेले दाणे पडल्यावर येतो तो. प्रालीन म्हणजे तरी दुसरं काय, साखरेच्या पाकात घोळवलेले भाजके दाणे. ज्याला लोणावळ्याची चिक्की माहीत आहे त्याला प्रालीन वेगळं समजावून सांगायला नको.

हे सगळं करताना चार शब्द मनात पक्के करा, मला याचा प्रचंड उपयोग झाला: खमंग, करपट, खवट आणि ओशट. कुठलाही परफ्युम लावल्यावर स्वतःला विचारायचं, आत्ता या चारातलं काय येतंय? बरेच परफ्युम कागदावर खमंग असतात आणि घाम आलेल्या मानेवर तासाभरात खवट होतात, जुनं सुकं खोबरं डब्यात राहिल्यावर येतो तसा. हा फरक आपल्या भाषेत एका शब्दात सांगता येतो, मग लिहून ठेवतानाही तोच लिहायचा.

२. यातला आपला प्रकार कुठला ते ठरवा

ढोबळ चार भाग करता येतात, नावं माझी आहेत.

*भाजका प्रकार.* हेझलनट, कॉफी, कोको. याचं मला सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे व्हॅलेंटिनोचा 'उओमो', २०१४ मध्ये आला, ऑलिव्हिए पोल्ज यांनी बनवलेला. उओमो म्हणजे इटालियनमध्ये पुरुष. त्यात भाजलेली कॉफी आहे, चामडं आणि देवदारासारखं लाकूड आहे आणि मध्यभागी जांदुया आहे, म्हणजे इटलीतल्या तुरिनकडचं, हेझलनट वाटून घातलेलं चॉकलेट. गोड आहे पण चिकट नाही.

*कडू बदामाचा प्रकार.* गेर्लँचा 'लोम इदेआल', हाही २०१४ चा, तिएरी वासेर यांचा. सुरुवातीला आंबट फळं, मग अमारेत्तो म्हणजे त्या इटालियन बदामी दारूसारखा वास, आणि शेवटी चामडं. जिवांशीचा 'पाय', गणितातला पाय, हा १९९८ चा जुना गडी, आल्बेर्तो मोरियास यांनी बनवलेला, त्यात बदाम, व्हॅनिला आणि टोंका. जरा जुन्या वळणाचा वाटतो पण थंडीत अजूनही फार छान.

*पाकाचा प्रकार.* प्रालीन, कॅरॅमल, खजूर. या सगळ्या घराण्याची सुरुवात म्युग्लेरच्या 'एंजल'पासून धरतात, १९९२ सालचा, बायकांसाठीचा. त्यात ऑलिव्हिए क्रेस्प यांनी इथाइल माल्टॉल नावाचं रसायन भरपूर वापरलं, त्याचा वास जत्रेतल्या बुढ्ढी के बालसारखा, आणि खाली पॅचुली, म्हणजे एका झुडपाच्या पानांचा मातकट वास. १९९६ मध्ये त्याचा पुरुषांसाठीचा भाऊ 'ए मेन' आला, कॉफी, कॅरॅमल आणि चक्क डांबरासारखी छटा. हल्ली आपल्याकडे दुबईचे परफ्युम जोरात आहेत, त्यात लताफाचा 'खमराह' बऱ्याच जणांनी घेतलेला दिसतो, दालचिनी, खजूर, प्रालीन. किमतीला परवडतो, पण फार दणकट आहे, नवख्याने एकच स्प्रे.

*टोंकाचा प्रकार.* टोंका म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या एका झाडाची काळी सुरकुतलेली बी, दिसायला लांबट मनुक्यासारखी. वास अर्धा बदामासारखा, अर्धा व्हॅनिलासारखा आणि मागे वाळलेल्या गवताचा, भाताच्या पेंढ्याच्या गंजीजवळ उभं राहिल्यावर येतो ना, तो. हा वास कुमारिन नावाच्या रसायनाचा.

इथे थोडं थांबतो, कारण एक प्रश्न मला नेहमी विचारतात, की गोड वास पुरुषांना चालतो का, बायकी नाही का वाटत. कुमारिन प्रयोगशाळेत पहिल्यांदा बनवलं विल्यम पर्किन यांनी, १८६८ मध्ये, तेच ज्यांनी जांभळा कृत्रिम रंग शोधला. १८८२ मध्ये हुबिगाँ या फ्रेंच कंपनीने 'फुजेर रोयाल' नावाच्या परफ्युममध्ये ते वापरलं आणि त्यावरून फुजेर हे अख्खं घराणं उभं राहिलं. सलूनमध्ये दाढी झाल्यावर येतो तो ओळखीचा 'पुरुषी' वास याच घराण्यातला, म्हणजे त्याच्या तळाशी हीच बदामी गोडी आहे, सव्वाशेहून जास्त वर्षांपासून. तेव्हा कुणी काही म्हणालं तर मनावर घेऊ नका.

३. काउंटरवर जाताना

सकाळी जा, नाकाला सर्दी नसताना जा, आणि जाताना डिओ, अत्तर, वासाचं तेल काही लावू नका. एका फेरीत जास्तीत जास्त चार पट्ट्या. चौथ्यानंतर मला तरी काही कळत नाही, आणि नाक ताजं करायला म्हणून दुकानवाले कॉफीच्या बियांची वाटी पुढे करतात ना, ती या प्रकाराला तर अजिबात वापरू नका, तुम्ही भाजका वासच शोधताय आणि मध्येच भाजकी कॉफी हुंगताय, सगळा घोळ. त्यापेक्षा स्वतःच्या शर्टाची बाही, कोपराजवळची, हुंगा.

पट्टीवर स्प्रे मारल्यावर लगेच नाकाला लावू नका, अल्कोहोल उडून जाऊ दे, अर्धा मिनिट. पट्टीवर पेनाने नाव आणि वेळ लिहा. मग पट्ट्या खिशात एकत्र ठेवू नका, वेगवेगळ्या पाकिटात किंवा वहीच्या वेगवेगळ्या पानात ठेवा, आणि बाहेर पडा. चहा घ्या, चक्कर मारा. तासाभराने परत हुंगा. सेल्समन म्हणेल सर ऑफर आजच आहे. असू दे. गोड परफ्युमचं पहिलं दार सगळ्यात आकर्षक बनवलेलं असतं, लिंबूवर्गीय चुणचुणीत, त्यावर पैसे मोजायचे नाहीत, कारण ते पंधरा मिनिटांत निघून जातं आणि पुढचे सहा तास तुम्हाला त्याच्या मागच्या व्हॅनिलासोबत काढायचे असतात.

पट्टीवर आवडलं तर मगच मनगटावर, एका हाताला एकच. दोन्ही मनगटं एकमेकांवर घासायची सवय सोडा, घासल्याने कातडी गरम होते आणि वरचा हलका वास लवकर उडतो.

४. एक अख्खा दिवस काढा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळेजण हीच गाळतात. डिकँट आणलं की सुट्टीच्या दिवशी, घरातच, दोन स्प्रे मारा आणि दिवसभर जमेल तसं लिहा. माझी उओमोची नोंद होती ती थोडी सुधारून देतो, म्हणजे काय लिहायचं ते कळेल. पुण्यात, डिसेंबरचा रविवार:

९:१० ला लावला. हिरवट, थोडा आंबट, पानं चुरडल्यासारखा. अजून दाण्यांचा पत्ता नाही.

९:३० ला कॉफी आली, फिल्टर कॉफी नव्हे, डब्यातल्या भाजक्या पुडीची, झाकण उघडल्यावर येते ती.

१०:१५ ला हेझलनट. एकदम नाही आलं, वाकून बुटाची लेस बांधताना शर्टाच्या गळ्यातून गरम हवा वर आली आणि त्यातून आलं. गोड, कोरडं, भाजलेलं, वेफरच्या बिस्किटातल्या क्रीमसारखं पण कमी साखरेचं.

१२:४० ला आई खोलीत आली आणि म्हणाली, "अरे, बेसन कुणी भाजायला घेतलंय का?" मी हात पुढे केला, तिने हुंगला आणि म्हणाली, "छान आहे की, पण जेवायला बसताना नको लावूस."

३:०० ला चामडं. नवीन पाकीट उघडल्यासारखं, आत गोडी कायम.

६:३० ला कातडीला नाक टेकवल्यावरच येतोय. लाकूड, कोकोची पूड. चारातलं उत्तर: अजूनही खमंग, खवट नाही.

ती शेवटची ओळ बघा. तीच ठरवते. त्याआधी याच प्रकारातला दुसरा एक परफ्युम मी कौतुक ऐकून न हुंगता मागवला होता, मोठी बाटली, ब्लाइंड बाय म्हणतात तसा. पहिला अर्धा तास अप्रतिम आणि तिसऱ्या तासापासून थेट ओशट, केक केल्यावर न धुता ठेवलेल्या भांड्यासारखा. बाटली अजून पाऊण भरलेली आहे.

असा दिवस एकदा थंडीत आणि एकदा उकाड्यात काढा, तोच परफ्युम दोन वेगळी माणसं असल्यासारखा वागतो.

५. किती, कुठे, कधी

उष्णतेने परफ्युम भराभर उडतो, म्हणजे लोकांपर्यंत जास्त पोचतो, आणि गोड वास दमट हवेत माणसाभोवती चिकटून राहतो. परदेशी व्हिडिओत पाच-सहा स्प्रे सांगतात ते त्यांच्या थंड हवेसाठी, कोटाखाली. आपल्याकडे तसं करू नका. माझा हिशोब असा बसलाय:

मुंबई, ठाणे, कोकण, गोवा, मार्च ते जून: दिवसा शक्यतो नकोच. एसी ऑफिसमध्ये दिवस जाणार असेल तर एक स्प्रे, छातीवर, शर्टाच्या आत, आणि तोही पोचल्यावर. विदर्भात एप्रिल-मे मध्ये बाटली कपाटातच राहू दे.

पावसाळा: संध्याकाळी एक ते दोन. पावसात भिजलेल्या हवेत कॉफी-हेझलनट सुंदर लागतो, पण ओले कपडे, कुबट वास आणि गोड परफ्युम हे एकत्र आलं की वाईट होतं, तेव्हा कपडे कोरडे असतील तरच.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पुणे, नाशिक, महाबळेश्वर: हाच याचा खरा मोसम. दोन ते तीन, एक छातीवर, एक मानेच्या मागे, आणि स्वेटरच्या आत एक. जे लोक अमेरिकेत, जर्मनीत, कॅनडात आहेत त्यांनी बाहेरच्या थंडीवर जाऊ नये, आत हीटर चालू असतो, कोट काढला की सगळा वास एकदम सुटतो, तेव्हा तिथेही तीनच.

लोकलची गोष्ट सांगतो. मे महिना, सकाळची डोंबिवली फास्ट, आणि मी नवीन बाटलीच्या आनंदात चार स्प्रे मारून निघालेलो, सगळे मानेवर. दिवा स्टेशनच्या पुढे गर्दीत हलायला जागा नाही, आणि माझ्या पुढ्यातले एक काका, साठीचे असतील, त्यांनी रुमाल काढून नाकाला लावला. ठाण्याला ते म्हणाले, "बाळा, मला अर्धशिशी आहे रे, जरा तोंड तिकडे करतोस का?" रागावून नाही, अगदी शांतपणे. मी तोंड फिरवलं, पण वास कुठे फिरवणार, घाटकोपरपर्यंत ते तसेच उभे होते. त्या दिवसापासून प्रवासाच्या आधी मी हा प्रकार लावत नाही, छोटी कुपी बॅगेत ठेवतो आणि उतरल्यावर लावतो. हॉस्पिटलमध्ये भेटायला जाताना, घरात कुणी गरोदर असेल, लहान बाळ घ्यायचं असेल तेव्हा तर नाहीच.

जेवणाच्या वेळी आईचा सल्ला बरोबर आहे. मासळीची थाळी, मटण, मसालेभात यांच्यासोबत गोड वास नाकाला खटकतो. चहा-कॉफीच्या वेळी मात्र मस्त.

अजून एक, हे गंभीरपणे घ्या: परफ्युममध्ये अल्कोहोल असतं आणि ते पेट घेतं. गणपतीत, लक्ष्मीपूजनाला, नवीन कपडे घालून घाईघाईत स्प्रे मारून लगेच निरांजनापुढे किंवा गॅसपुढे उभे राहू नका. दहा मिनिटं जाऊ द्या.

६. कातडी आणि कपडे

कोरड्या कातडीवर वास टिकत नाही, म्हणून अंघोळीनंतर बिनवासाचं मॉइश्चरायझर, मग त्यावर. डिओ बिनवासाचा, नाहीतर डिओचा समुद्री-निळा वास आणि हेझलनट यांची मारामारी होते. डोक्याला जास्मिनचं तेल लावत असाल तर त्या दिवशी हा परफ्युम नको. चंदनाचा साबण मात्र याच्याशी फार सुंदर जुळतो, विशेषतः बदामाच्या प्रकाराशी, करून बघा.

ज्यांना शेंगदाण्याची किंवा सुक्यामेव्याची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी: वास दाण्यांचा असला तरी बहुतेक वेळा बाटलीत दाणे नसतात, हेझलनटचा वाससुद्धा फिल्बर्टोनसारख्या बनवलेल्या रसायनांमधून आणता येतो. तरी खोक्यावरची घटकांची यादी वाचा, त्यात प्रुनस अमिग्डालस डल्सिस असं दिसलं तर ते बदामाचं तेल, आणि शंका असेल तर डॉक्टरांना विचारूनच. बाकीच्यांनीही पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून दिवसभर थांबावं. कुमारिननेही काहींना पुरळ येतं.

आता कुर्ता. चुलतभावाच्या लग्नात पांढरा सिल्कचा कुर्ता, वर गळ्यापाशी दोन स्प्रे, अगदी जवळून. दुसऱ्या दिवशी घडी करताना बघितलं तर गळ्याखाली चहा सांडल्यासारखे दोन फिकट तपकिरी गोल. ड्रायक्लीनला दिला, फिका झाला, गेला नाही. व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाचं रसायन, असलेले परफ्युम हळूहळू पिवळट-तपकिरी होतात, बाटलीतही आणि कपड्यावरही, आणि गोड-खमंग प्रकारात व्हॅनिलिन जवळजवळ असतंच. तेव्हा पांढरं, मोतिया, सिल्क यावर थेट कधीच नाही. कपड्यावर मारायचंच तर गडद सुती किंवा लोकरी, आणि एक फूट लांबून. तो जुना टी-शर्ट त्यासाठीच सांगितला, आधी त्यावर मारून दोन दिवस डाग बघा.

लोकरीवर मात्र हा वास जितका छान राहतो तितका कुठेच नाही. मफलरच्या एका टोकाला एक स्प्रे, तीन-चार दिवस पुरतो.

७. विकत घेताना

बाटली ३० किंवा ५० मिलीची घ्या. हिशोब करा, १०० मिली म्हणजे साधारण हजार स्प्रे, आणि आपल्या हवेत हा प्रकार वर्षातले चारेक महिनेच नीट लागतो, रोज दोन स्प्रे धरले तरी वर्षाला अडीचशेच्या आसपास. म्हणजे मोठी बाटली चार वर्षं. मोठी स्वस्त पडते हे खरं, पण चार वर्षांत तुमचं नाकही बदलतं.

नावामागचं तोलेत, परफ्युम, इंतेन्स हे नीट वाचा, परफ्युम किती तीव्र ते सांगणारे हे शब्द असतात. एकाच नावाच्या तीन-चार वेगळ्या आवृत्त्या असतात आणि त्या नुसत्या जास्त-कमी दणकट नसतात, वासच वेगळे असतात. लोम इदेआलची पहिली आवृत्ती हलकी, २०१६ ची परफ्युमवाली जास्त गोड, चेरी-बदाम-व्हॅनिला. जी हुंगली तीच घ्या.

नकली मालाचा त्रास मी भोगलाय. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून निम्म्या किमतीत घेतला, खोकं हुबेहूब, पहिली दहा मिनिटंही हुबेहूब, नंतर नुसती साखर आणि स्पिरिट. माझ्याकडे पार्सल उघडतानाचा व्हिडिओ नव्हता, त्यांनी हात वर केले. म्हणून आता हे बघतो:

- आयात केलेल्या मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी असलेलं लेबल हवं, आपल्याकडे ते कायद्याने लागतं.
- खोक्याखालचा बॅच कोड, म्हणजे माल कुठल्या खेपेचा ते सांगणारा छापील क्रमांक, आणि बाटलीखालचा बॅच कोड एकच हवा.
- झाकण, नळी, स्प्रेची फवार. अस्सल बाटलीची फवार बारीक धुक्यासारखी येते, नकलीत पुष्कळदा पिचकारी.
- सील न फोडता सहा बाजूंचे फोटो, मग न थांबता व्हिडिओ, त्यात पार्सलवरचा पत्ता आणि बॅच कोड दोन्ही दिसले पाहिजेत.
- पक्कं बिल. नसेल तर तक्रार ग्राहक आयोगापर्यंत नेतानाही अडचण येते.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांकडून मागवत असाल तर त्यांना सांगा, बऱ्याच विमानतळांवर हातातल्या बॅगेत १०० मिलीपेक्षा मोठी बाटली चालत नाही, मोठी असली तर चेक-इन बॅगेत, कपड्यांच्या मध्ये, झाकणाला टेप लावून.

८. ठेवायचं कसं

अंधारात, थंड जागी, खोक्यातच. बाथरूमची वाफ, खिडकीचं ऊन आणि गाडीचा डॅशबोर्ड ही तीन ठिकाणं नाहीत म्हणजे नाहीत. लोखंडी कपाट उन्हाच्या भिंतीला लागून असेल तर तेही तापतं, मग खालचा लाकडी खण बरा. रंग थोडा गडद झाला म्हणून घाबरू नका, तो बहुतेक वेळा व्हॅनिलिनचाच प्रताप. पण पहिल्या फवाऱ्याला खवट, आंबूस वास आला आणि दहा मिनिटांनीही तो गेला नाही, तर मग बिघडला असं समजा.

९. वास येईनासा झाला तर

दोन-तीन आठवड्यांत होणारच हे. तुम्हाला वाटेल की परफ्युम टिकत नाही, आणि तुम्ही दोनाचे चार स्प्रे कराल. थांबा. नाकाला सवय झालेली असते, परफ्युम आहे तिथेच असतो. घरातल्या कुणालातरी विचारा, दुपारी दोन वाजता, हातभर अंतरावरून, वास येतोय का. बायकोला, भावाला, रूम पार्टनरला, जो खरं बोलेल त्याला. येतो म्हणाले तर तेवढाच पुरे. रोज एकच लावण्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीनदाच लावा, मध्ये एखादा खस किंवा लिंबाचा हलका प्रकार, नाहीतर काहीच नाही.

१०. बाटली संपत आली की

लगेच तीच दुसरी मागवायची घाई नको. कंपन्या फॉर्म्युला अधूनमधून बदलतात, नाव आणि बाटली तीच राहते. जुन्यातलं २ मिली एका काचेच्या कुपीत काढून, तारीख लिहून, बाजूला ठेवा. नवीन आली की दोन पट्ट्यांवर शेजारी शेजारी मारा, अर्ध्या तासाने हुंगा, परत तीन तासांनी हुंगा, आणि खरंच वेगळी वाटली तर परतीची मुदत संपायच्या आत विक्रेत्याला कळवा. पण हा हिशोब बाटली फोडायच्या आधी करा, कारण उघडलेली बाटली बरेच जण परत घेत नाहीत, तेव्हा जमलं तर नव्या बॅचचंही आधी डिकँटच मागवा.